बुलेट-साईडकार: तीन चाकांची हवा आणि बॅलन्सिंग

साईडकारची हवा अखेर ठरली, म्हणून ही नोंद. टो-इन (साईडकारचं चाक पुढून किंचित आत वळवणं) आणि लीन-आऊट (गाडी साईडकारपासून किंचित बाहेर कलती ठेवणं) आधीच बसवून घेतलं होतं, त्यानंतर टायरकडे वळलो. ज्यांनी नुकतीच साईडकार जोडली आहे त्यांनीही हाच क्रम ठेवावा. चाकं एकमेकांशी सरळ नसली तर हवा कितीही बदला, टायर घासतच राहतो आणि आपण उगाच हवेला दोष देत बसतो.

गाडी जुनी ३५० बुलेट, साईडकार अर्थातच डावीकडे. टायर पुढे ३.२५-१९ (रुंदी आणि रिमचा व्यास, इंचांत), मागे ३.५०-१९, साईडकारलाही ३.२५-१९. सगळे ट्यूबवाले. कंपनीच्या पुस्तकातले हवेचे आकडे (पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचावर पौंडांत मोजलेला दाब) दोन चाकांवर चालणाऱ्या, वळताना झुकणाऱ्या गाडीचे आहेत. आपली गाडी झुकतच नाही. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी हवा भराच असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. पण नाक्यावरचा हवावाला पोरगा तिन्ही चाकांकडे एक नजर टाकतो आणि विचारतो, "काका, सगळ्यात पस्तीस मारू?"

हवा ठरते चाकावरच्या वजनावर. तेव्हा आधी वजन. नाशिकजवळ ओझरकडे एका मित्राचं द्राक्षाचं पॅकिंग शेड आहे. हंगाम नसला की तिथला प्लॅटफॉर्म काटा मोकळाच असतो. एका चाकाखाली काटा, उरलेल्या दोन चाकांखाली बरोबर काट्याच्या उंचीच्या फळ्या. फळ्यांचा आळस करू नका. एकच चाक उचललं गेलं की गाडी कलते आणि आकडे फसवे येतात. गाडी रिकामी असताना पुढे ८४, मागे १२२ आणि साईडकारच्या चाकावर ६२ किलो भरले. मी बसल्यावर १०४, १७४, ६४. आई साईडकारमध्ये बसल्यावर ११२, १९४, ९८.

हे आकडे माझ्या गाडीचे, तुमचे वेगळे येतील. पण त्यातलं गणित सगळ्यांना लागू आहे. मी एकटा असताना मागच्या चाकावर साईडकारच्या चाकाच्या पावणेतीन पट वजन आहे, आणि तरीही लोक दोन्हींत सारखीच हवा भरतात! आई बसली की साईडकारच्या चाकावरचं वजन दीडपटीच्या वर जातं. म्हणजे एका आकड्यात भागत नाही. एकट्याची हवा वेगळी आणि जोडीची वेगळी. आणखी एक गोष्ट काट्यामुळेच कळली. मागच्या टायरचा लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा सांकेतिक आकडा) ५७, म्हणजे कमाल २३० किलो. साईडकार भरलेली असताना तिथे १९४ आहेतच. त्यात मागच्या सीटवर कुणाला बसवलं की मर्यादा ओलांडली. तेव्हा आमच्याकडे मागची सीट सामानालाही नाही आणि माणसालाही नाही. भाचेमंडळी रुसतात, रुसू देत.

सुरुवात पुढे २०, मागे २८, साईडकारला १८ अशी केली. पहिली परीक्षा खडूची. टायरवर आडवी जाड रेघ मारायची, सपाट डांबरावर शंभरेक मीटर सरळ जायचं आणि रेघ कुठे पुसली ते बघायचं. मध्येच पुसली तर हवा जास्त, कडा पुसल्या तर कमी, असं कारवाले सांगतात. मोटरसायकलच्या गोल टायरला हे जसंच्या तसं लावता येत नाही. तो उभा असताना मधल्या पट्ट्यावरच टेकतो, कडा पुसल्याच जाणार नाहीत. मी पट्ट्याची रुंदी मोजून ठेवली आणि हवा बदलल्यावर ती किती फरकाने बदलते तेवढंच पाहिलं.

खरा निकाल देते ती दुसरी परीक्षा. सकाळी ऊन लागण्याआधी, गाडी रात्रभर उभी असताना हवा मोजायची. मग त्या दिवशी जसं वजन घेऊन जाणार तसंच घेऊन अर्धा तास चालवायची आणि उतरल्या उतरल्या त्याच गेजने पुन्हा मोजायची. हवा कमी असली की टायरची भिंत जास्त वाकते, वाकली की तापते, तापली की दाब चढतो. जुन्या स्वारांचा ठोकताळा असा: पुढे दहा टक्क्यांच्या आसपास आणि मागे फार तर वीस टक्के वाढ ठीक. त्र्यंबक रस्त्याने आईला घेऊन निघालो तेव्हा मागची २८ ची ३५ झाली होती, म्हणजे पंचवीस टक्के. ३२ भरल्यावर ती साडेछत्तीसवर थांबली. ३४ भरल्यावर आणखी कमी चढली, पण मागचं चाक खड्ड्यावर टपटप उड्या मारायला लागलं आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकला पकड कमी जाणवली. तेव्हा जोडीने जाताना ३२, एकटा असताना ३०. पुढे २२ वर दहा टक्क्यांच्या आत वाढ येते. आणि एक सांगून ठेवतो, गरम टायरमध्ये आकडा जास्त दिसला म्हणून हवा सोडू नका. थंड झाल्यावर ती कमीच पडणार.

साईडकारच्या चाकाने डोकं खाल्लं. वजनाच्या हिशोबाने तिथे एकट्याला १६ पुरते, आणि १६ वर टोपली (साईडकारची बैठक) मऊ चालते. पण आपल्याकडे ते चाक डावीकडे, म्हणजे रस्त्याच्या सगळ्यात वाईट पट्ट्यात. खचलेली साईडपट्टी, पाणी साचलेले खड्डे, गटारांची झाकणं, सगळं त्याच्याच नशिबी. त्यात सध्या सिंहस्थाच्या तयारीची कामं चालू आहेत, तेव्हा शहरातले रस्ते कधी कुठे उकरलेले असतील सांगता येत नाही. कमी हवेच्या टायरवर खड्ड्याची कड बसली की ट्यूब रिमवर चिमटते आणि लोखंडी रिम वाकते. तेव्हा एकटा असताना १८, आई असताना २०. आईचं मत १८ च्या बाजूने आहे. एकट्याने फिरताना मी साईडकारमध्ये वीस किलोची वाळूची गोणी टाकतो, नाहीतर डावीकडे वळताना साईडकार उचलते. त्या गोणीचं वजन आकड्यात धरायला विसरू नये.

हवामानाचंही थोडं. ३० पीएसआयच्या आसपासच्या टायरला दर दहा अंशांमागे साधारण दीड पीएसआय फरक पडतो. नाशिकची डिसेंबरची पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांच्यात तीस अंश सहज होतात, म्हणजे साडेचार पीएसआय. ऑक्टोबरमध्ये बरोबर भरलेली हवा थंडीत कमी दिसली तर लगेच ट्यूबवर संशय घेऊ नका. उंचीचा परिणाम त्याहून बारीक. नाशिक साधारण ६०० मीटरवर आहे. इथे भरलेला टायर कसारा घाट उतरून मुंबईला थंड करून मोजला तर बाहेरचा दाब वाढल्यामुळे गेज साधारण एक पीएसआय कमी दाखवतो. घाट उतरताना ब्रेक आणि डांबर यांनी टायर तापतो तो वेगळाच, म्हणून घाटाच्या पायथ्याशी मोजण्यात अर्थ नाही.

आता बॅलन्सिंग. त्याआधी रिमचा आऊट (वाकडेपणा) काढून घ्या. वाकड्या रिमवर वजनं चिकटवून काही साधत नाही. टायरवर रंगाचा ठिपका असेल तर ती हलकी बाजू, ती वॉल्व्हजवळ ठेवून बसवायची. मी चाकं काढली, ड्रमची प्लेट बाजूला केली, एक्सल दोन समांतर अँगलवर ठेवला आणि चाक हळूच फिरवून सोडलं. जड बाजू खाली येऊन थांबते. तिच्या बरोबर समोर वजन लावायचं आणि चाक कुठेही थांबेपर्यंत कमी-जास्त करत राहायचं. चिकटपट्टीची वजनं क्रोमच्या रिमवर पावसात टिकत नाहीत, म्हणून सोल्डरची तार निपलजवळ स्पोकला गुंडाळली. पुढच्या चाकाला ३० ग्रॅम लागले, साईडकारच्या चाकाला ४०. त्या रिमवर जुनं वेल्डिंग आहे, ते त्याचं कारण.

याने काय बदलतं ते आकड्यात सांगतो, कारण अनेक जण हँडल थरथरतं म्हणून बॅलन्सिंगला धावतात. १९ इंची रिमवर ३० ग्रॅमची चूक असेल तर ताशी ६० ला चाक सेकंदाला आठ फेरे घेतं आणि ती चूक दर फेऱ्याला जवळपास दोन किलोचा झटका देते. वेग निम्मा झाला की झटका चौथाई. ताशी २५ ला तो तीनशे-साडेतीनशे ग्रॅमवर येतो, म्हणजे हाताला कळायचाही नाही. तेव्हा २५-३० ला हँडल डावं-उजवं हलत असेल तर त्याचा बॅलन्सिंगशी संबंध नाही. ते साईडकारचं जुनं दुखणं आहे: पुढच्या फोर्कचा ट्रेल (स्टिअरिंगचा अक्ष जमिनीला जिथे टेकतो तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) दोन चाकांच्या गाडीसाठी ठेवलेला असतो. माझ्याकडे ढिला कोनसेट (हँडलच्या बुडाशी असलेली बेअरिंग) आवळल्यावर आणि पुढची हवा २० वरून २२ केल्यावर थरथर बरीच कमी झाली. उरलेल्यासाठी स्टिअरिंग डँपर (हँडलची थरथर शोषणारा भाग) बसवायचा आहे. ताशी ५५ च्या पुढे फूटरेस्टला आणि टोपलीच्या पत्र्याला जी कंपनं यायची ती मात्र बॅलन्सिंगनेच गेली.

मागचं चाक अजून बाकी आहे. तो टायर सरळ चालून चालून मधोमध सपाट झालाय, त्याला बॅलन्स करण्यात वेळ घालवणार नाही. नवा बसला की आधी पुन्हा काट्यावर, मग तारेचं रीळ. नव्या टायरचा मध्य सपाट प्रोफाइलचा मिळाला तर बघतो, कारण न झुकणाऱ्या गाडीला गोल टायरच्या कडांचा उपयोगच होत नाही. पण १९ इंचात तसा निवडायला फार वाव नाही.