परग्रहवासी किती समजावा?

परग्रहावरच्या जिवांचे चित्रपट मी चांगले-वाईट असा भेद न करता पाहत आलो आहे, आणि इतके पाहिल्यावर काही मते आपोआपच घट्ट होतात. त्यांतले सर्वांत जुने मत असे होते की परग्रहवासी पडद्यावर जितका कमी दिसेल, तितका चित्रपट चांगला. हे मत आता मला अपुरे वाटते. का अपुरे वाटते, ते इथे लिहून काढतो आहे. त्या ओघात अनेक चित्रपटांचे शेवट उघड होणार आहेत, एवढी सूचना आधीच देऊन ठेवतो.

ते मत बनले अर्थातच रिडली स्कॉट यांच्या १९७९ सालच्या 'एलियन'मुळे. नॉस्ट्रोमो नावाच्या मालवाहू यानावर सात माणसे आणि एक मांजर असते, आणि पुढे त्यांच्यात एका जिवाची भर पडते. हा जीव एच. आर. गायगर या स्विस चित्रकाराच्या चित्रांतून आला. त्याला दिसतील असे डोळेच नाहीत, त्यामुळे तो कुणाकडे पाहतो आहे हे कळण्याची सोय उरत नाही, आणि माझ्या मते गायगर यांच्या साऱ्या कल्पनाशक्तीत हा एक निर्णय सर्वांत भेदक आहे. पोशाखाच्या आत बोलाजी बडेजो हा लंडनमध्ये शिकणारा, जवळजवळ सात फूट उंच आणि सडपातळ असा नायजेरियन तरुण होता. त्याने आधी कधी अभिनय केला नव्हता आणि नंतरही तो दुसऱ्या चित्रपटात दिसला नाही. पूर्ण पोशाख एकदम दाखवला तर प्रेक्षकाला जिवाऐवजी पोशाखातला माणूस दिसेल, हे स्कॉट यांनी ओळखले होते. म्हणून कॅमेरा कधी नुसता जबडा दाखवतो, कधी हात, कधी लोंबत्या साखळ्यांमध्ये हलणारे असे काहीतरी, जे आधी साखळीच वाटते. त्या जिवाचा आकार प्रेक्षकाला मनात जुळवावा लागतो, आणि ज्याची जशी भीती तसा तो जुळतो.

माझ्या मताला बळ देणारी आणखी उदाहरणे शोधायला फार कष्ट पडले नाहीत. '२००१: अ स्पेस ओडिसी' हा १९६८ सालचा चित्रपट करताना स्टॅन्ली क्युब्रिक यांनी परग्रहवासी दाखवण्याचे नाना प्रयोग करून पाहिले आणि शेवटी ते सगळे बाजूला ठेवले, पडद्यावर उरला तो फक्त काळा, गुळगुळीत, उभा शिलाखंड. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनीही त्यांना असाच सल्ला दिला होता की दाखवू नका, सुचवा. स्टीव्हन स्पीलबर्ग यांना हाच धडा उलट बाजूने मिळाला. त्यांच्या 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड'च्या शेवटी, १९७७ साली, नायक त्या प्रचंड यानात चढतो आणि आपण बाहेरच राहतो. पुढे १९८० साली नव्या आवृत्तीसाठी स्टुडिओने पैसे दिले, पण यानाचे अंतरंग दाखवायचे, या अटीवर. ते दाखवले गेले. दिवे आहेत, उंची आहे, चकाकी आहे, आणि तरीही ते पाहताना एखाद्या महागड्या हॉटेलच्या दालनात आल्यासारखे वाटते. स्पीलबर्ग यांना स्वतःलाही ते खटकत राहिले असावे, कारण १९९८ सालच्या आवृत्तीतून त्यांनी तो भाग काढून टाकला.

एम. नाइट श्यामलन यांच्या २००२ सालच्या 'साइन्स'मध्ये तर चढण आणि घसरण दोन्ही एकाच चित्रपटात सापडतात. मुलांच्या वाढदिवसाचे हौशी चित्रीकरण बातम्यांत दाखवले जात असते, मुले खिडकीशी गलका करत असतात, आणि झाडीआडून एक आकृती गल्ली ओलांडून निघून जाते. तेवढ्या दोन-तीन सेकंदांसाठी मी हा चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिला आहे. ज्यांना पाण्याने इजा होते, त्यांनी तीन-चतुर्थांश पाण्याने झाकलेल्या ग्रहावर चाल करून यावेच का, असा आक्षेप या चित्रपटावर नेहमी घेतला जातो. मला त्या आक्षेपाचे फारसे काही वाटत नाही. माणसेही आपल्याला न मानवणाऱ्या ठिकाणी हट्टाने जातातच. माझी तक्रार वेगळी आहे. शेवटी तोच जीव बैठकीच्या खोलीत, मुलाला हातांवर घेऊन उभा असलेला सरळ दिसतो, आणि गल्ली ओलांडणाऱ्या आकृतीचा सगळा दरारा त्या क्षणी संपतो.

इथवर सारे माझ्या मताच्या बाजूचे होते. अडचण आली ती जॉन कार्पेंटर यांच्या १९८२ सालच्या 'द थिंग'मुळे, कारण त्यात लपवलेले जवळजवळ काहीच नाही. अंटार्क्टिकावरच्या संशोधन तळावर एक जीव शिरतो आणि ज्याला गाठेल त्याची हुबेहूब नक्कल करतो. रॉब बॉटिन या विशी नुकतीच ओलांडलेल्या कलावंताने रबर, रसायने आणि यंत्रे यांच्या साहाय्याने त्याची जी रूपे घडवली, ती भर उजेडात, लांबलचक दाखवली आहेत. मान ताणून ताणून डोके धडापासून सुटते, त्याला कोळ्यासारखे पाय फुटतात आणि ते चालू लागते. कमी दाखवण्याचा नियम खरा असता, तर हे हास्यास्पद व्हायला हवे होते, पण ते भयंकर वाटते. याचे कारण मला बऱ्याच उशिरा उमगले. आपण पाहतो ती सगळी रूपे त्याने कुणाकडून तरी उसनी घेतलेली आहेत. त्याचे स्वतःचे रूप कोणते, त्याला असे काही रूप आहे तरी का, तो विचार करतो की नुसता पसरतो, यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर चित्रपट देत नाही. रक्ताच्या चाचणीचा प्रसंगही याच अज्ञानावर उभा आहे. त्या जिवाचा प्रत्येक थेंब हा स्वतंत्र जीवच असेल आणि तापलेली तार लागताच तो स्वतःला वाचवायला धडपडेल, हा तळावरच्या माणसांनी बांधलेला तर्क आहे. तो खरा ठरतो, पण तेवढ्यापुरताच. हा चित्रपट स्पीलबर्ग यांचा 'ई.टी.' लागल्यानंतर दोनच आठवड्यांनी प्रदर्शित झाला, आणि प्रेमळ परग्रहवासीयाला डोक्यावर घेतलेल्या त्या उन्हाळ्यात समीक्षकांनी त्याला झोडपून काढले. त्याची किंमत लोकांना पुढे हळूहळू कळत गेली.

जॉर्डन पील यांच्या २०२२ सालच्या 'नोप'ने माझ्या जुन्या मताचा उरलासुरला आधारही काढून घेतला. आकाशात एक ढग आहे, जो कधीच हलत नाही, आणि त्याच्या आडून जी उडती तबकडी निघते, ती यान नसून स्वतःच एक प्राणी आहे. आत कुणी चालक नाही, कसला संदेश नाही. त्याच्याकडे पाहिले की तो खातो, एवढा एकच नियम घोड्यांना वळण लावणाऱ्या नायकाला जनावरांच्या सवयीने कळतो. शेवटी तो प्राणी लख्ख उन्हात, साऱ्या आकाशभर, कापडाच्या घड्या सुटाव्यात तसा उलगडत जातो. पूर्ण दिसतो आणि तरीही परकाच राहतो.

तेव्हा प्रश्न उजेडाचा नव्हता, समजण्याचा होता. परग्रहवासी दिसला म्हणून काही बिघडत नाही. त्याच्या वागण्यामागचा हेतू आपल्या ओळखीचा निघाला की बिघडते. सोने हवे, पाणी हवे, सूड हवा, साम्राज्य हवे, असे काही कारण पटकथेने पुढे केले की समोर उरतो तो चमत्कारिक कातडीचा माणूस. १९९६ सालच्या 'इंडिपेंडन्स डे'मधले आक्रमक टोळधाडीसारखे एकेक ग्रह फस्त करत पुढे जातात, हे अमेरिकेच्या अध्यक्षांना त्यांच्या मनात डोकावून कळते, आणि त्यानंतर त्यांच्याविषयी विचार करण्यासारखे काही उरतच नाही. मग एका लॅपटॉपवरून त्यांच्या यानात संगणकाचा व्हायरस सोडला जातो. (हा चित्रपट मला आवडतो, हे लपवण्यात अर्थ नाही. शहरावर सरकत येणारी ती अवाढव्य सावली आणि तिच्याकडे माना वर करून पाहणारी माणसे एवढ्यासाठी मी लॅपटॉपही माफ केला आहे.)

समजावून सांगूनही परकेपण राखता येते, याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे डेनी व्हिलन्यूव्ह यांचा २०१६ सालचा 'अरायव्हल'. टेड चियांग यांच्या दीर्घकथेवरून घेतलेल्या या चित्रपटात जगभर बारा ठिकाणी याने येऊन थांबतात, आणि लुईस बँक्स या भाषाशास्त्रज्ञ बाईंना त्यांतल्या जिवांशी बोलायला नेले जाते. सात पायांचे ते जीव धुक्याने भरलेल्या काचेपलीकडे उभे राहतात आणि शाईसारख्या द्रवाने हवेत वर्तुळे काढतात. प्रत्येक वर्तुळ म्हणजे आरंभ आणि शेवट नसलेले एक अख्खे वाक्य असते. तुम्ही इथे का आलात, हे विचारण्यासाठी आधी प्रश्न म्हणजे काय, 'तुम्ही' म्हणजे एकटा की सगळे, हे त्यांना समजले पाहिजे, असे लुईस लष्करी अधिकाऱ्याला फळ्यावर लिहून दाखवते. भाषेचा एवढा मूलभूत विचार करणारा प्रसंग या प्रकारच्या चित्रपटांत मी दुसरा पाहिलेला नाही. पुढे त्यांच्या एका उत्तराचा अर्थ 'शस्त्र देणे' असा लागतो, आणि तो शब्द शस्त्राचा की साधनाचा, या एका संदिग्धतेवर राष्ट्रे युद्धाच्या तयारीला लागतात. शेवटी त्यांचा हेतूही कळतो: तीन हजार वर्षांनी त्यांना मानवजातीच्या मदतीची गरज पडणार आहे. कसली मदत, ते मात्र सांगितले जात नाही. पटकथेने हे एक वाक्य जास्त लिहिले असते, तर माझ्या लेखी सगळा चित्रपट खाली आला असता.

रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्की यांचा १९७२ सालचा 'सोलारिस' या बाबतीत सर्वांच्या पुढे आहे, कारण त्यातला परग्रहवासी म्हणजे एक अख्खा महासागर आहे आणि तो माणसांशी जे काही करतो, त्याला संवाद म्हणावे की नाही, हेही ठरत नाही. पण तो चित्रपट संथ आहे, आणि दमलेल्या दिवशी मी त्याच्या वाटेला जात नाही.

आता 'ई.टी.'चे काय? त्याच्या मनात काय आहे, हे पहिल्या अर्ध्या तासातच कळते. त्याला घरी जायचे आहे, आणि इतकी ओळखीची इच्छा दुसरी नसेल. माझ्या कसोटीवर तो नापास व्हायला हवा, पण मला तो मनापासून आवडतो, आणि ही विसंगती मला सोडवता आलेली नाही. गंमत अशी की 'ई.टी.'ची बाहुली घडवणारे कार्लो रांबाल्डी यांनीच 'एलियन'च्या त्या डोक्याची यंत्रणा, जबड्यातून बाहेर झेपावणाऱ्या दुसऱ्या जबड्यासह, घडवली होती, आणि 'क्लोज एन्काउंटर्स'च्या शेवटी मंद हसणारा तो लहानखुरा जीवही त्यांचाच. ज्या माणसाने डोळे नसलेल्या जिवाची भीती चालती केली, त्यानेच पुढे तीन वर्षांनी प्रेक्षकांना रडवणारे ते मोठे डोळेही घडवले. दोन्ही कामांसाठी त्यांना ऑस्कर मिळाले.

मला खरा राग आहे तो स्कॉट यांच्याच २०१२ सालच्या 'प्रोमिथिअस'वर, ज्यात 'एलियन'च्या आधीची कथा आहे. १९७९ सालच्या चित्रपटात नॉस्ट्रोमोवरची तीन माणसे एका पडक्या यानात शिरतात आणि तिथे त्यांना आसनात बसल्या जागी अश्म झालेला एक अतिप्रचंड चालक सापडतो. त्याच्या बरगड्या आतून बाहेर वाकलेल्या आहेत. तो कोण, कुठला, किती काळ तसा बसून आहे, हे कुणालाच ठाऊक नाही, आणि माणसे पुढे निघून जातात. ३३ वर्षांनी स्कॉट यांनीच त्याचा उलगडा करायला घेतला, तेव्हा तो सांगाडा म्हणजे एक पोशाख निघाला, आणि पोशाखाच्या आत निघाला माणसासारखाच गोरापान, धिप्पाड पुरुष, ज्याच्या जातभाईंनी मानवजात निर्माण केली. पोशाखात माणूस दिसू नये म्हणून ज्या दिग्दर्शकाने एवढी खटपट केली होती, त्यानेच शेवटी पोशाखातला माणूस बाहेर काढून दाखवला.

तेव्हापासून तो जुना प्रसंग मी जरा वेगळ्या कारणासाठी पाहतो. चालक अधिक प्रचंड वाटावा म्हणून स्कॉट यांनी लांबच्या दृश्यांत अभिनेत्यांऐवजी लहान मुलांना अंतराळवीरांचे छोटे पोशाख घालून उभे केले होते, आणि त्यांत त्यांची स्वतःची मुलेही होती. हे माहीत असूनही, विजेऱ्यांचे झोत त्या आसनावरून वर चढू लागले की मला ती मुले दिसत नाहीत. दिसतो तो फक्त चालक, आणि तो कोण होता हे मला अजिबात आठवत नाही.