चांगली बुलेट का कापलीत?

माझ्या घरामागच्या शेडमध्ये उभी असलेली गाडी पाहायला जो कोणी येतो, तो आधी तिच्याभोवती एक फेरी मारतो, टाकीवरून हात फिरवतो, एकट्या माणसाची सीट आणि मागचे आखूड मडगार्ड पाहून क्षणभर थांबतो आणि मग शोकसभेच्या स्वरात विचारतो, "काय ओ सर, चांगली बुलेट हुती की, कापलीसा कशाला?" आम्ही कोल्हापूरकर विचारायला भीड ठेवत नाही. त्यामुळे हा प्रश्न मला नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी, सहकाऱ्यांनी आणि एकदा गॅसची टाकी पोहोचवायला आलेल्या मुलानेही विचारला आहे. उभ्या उभ्या द्यायचे उत्तर मी आजवर हसून टाळत आलो. पण तुम्ही विचारलेत आणि बसून ऐकायची तयारी दाखवलीत, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट अशी की, ती चांगली नव्हती. १९७२ सालची ही ३५० सीसीची बुलेट मला कागलजवळच्या एका गोठ्यात मिळाली, तेव्हा तिच्या सायलेन्सरमध्ये उंदरांनी संसार थाटला होता आणि हँडलला म्हशीचे दावे बांधलेले होते. इंजिन आणि चेसीवरचे क्रमांक आरसी बुकाशी जुळत होते, आणि मूळ मालकाच्या नातवाने ते बुक प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट ठेवले होते. जपलेले असे तेवढेच. टाकी बऱ्याच नंतरच्या मॉडेलची होती, मागचे मडगार्ड भलत्याच गाडीचे आणि तेही तळाशी चाळणी झालेले, पुढचे मडगार्ड नव्हतेच, सीट कुणीतरी प्लायवूडवर रेक्झीन ठोकून केलेली, आणि टूलबॉक्सच्या जागी दोन गंजलेले बोल्ट लोंबत होते. चेसीच्या मागच्या नळीला दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवण्याचे जाड हूक मात्र पक्के वेल्डिंग केलेले होते.

तरीही माझा पहिला विचार ती कारखान्यातून निघाली तशी करण्याचाच होता. रॉयल एनफिल्डचा रेडिचमधला मूळ इंग्लिश कारखाना १९६७ मध्ये बंद पडला, पण मद्रासमध्ये १९५५ पासून सुरू झालेले बुलेटचे काम अखंड चालू राहिले. त्यामुळे माझी गाडी अशा काळातली आहे, जेव्हा इंग्लंडमध्ये संपलेली वस्तू आपल्याकडे रोज नवी तयार होत होती. अशा गाडीचे मूळ रूप परत आणावे, यासाठी मी सहा महिने पुण्याच्या फेऱ्या मारल्या. नाना पेठेतली स्पेअर पार्टची दुकाने पालथी घातली आणि रविवारी जुन्या बाजारात उकिडवा बसून ढीग उपसले. एका ठिकाणी 'बहात्तरचेच आहे' असे छातीठोकपणे सांगून मला एक मडगार्ड दाखवण्यात आले. त्यावरचा गंज मी नखाने खरवडला, तर तो चक्क निघून आला आणि आतून कोरा, चकचकीत पत्रा दिसला. कुणीतरी नव्या मडगार्डला मेहनतीने म्हातारे केले होते.

घरी परतताना बसमध्ये मी हिशेब मांडला. इंजिन, गिअरबॉक्स, चेसी, पुढचे फोर्क आणि दोन्ही चाकांचे हब एवढेच खरोखर त्या गाडीचे शिल्लक होते. उरलेले सगळे मी बाजारातून आणले असते, त्याला जुना रंग दिला असता आणि मग पन्नास वर्षांच्या हाडांवर सहा महिन्यांचे अंग चढवून तिला 'ओरिजिनल' म्हणून मिरवले असते. ज्यांच्याकडे गाडी पूर्ण आहे, त्यांनी ती तशीच ठेवावी. अशा गाडीला हात लावणाऱ्याशी मीही भांडेन. पण माझ्याकडे जे होते ते अर्धेच होते, आणि जे आहे तेवढेच दाखवावे, जे नाही त्याचे सोंग आणू नये, असे मला वाटले. त्या विचारातून ती बॉबर झाली.

बॉबर हा शब्द मुळात शेपटीवरून आला आहे; शेपटी आखूड कापण्याला इंग्रजीत 'बॉब' म्हणतात. घोड्याची शेपटी आखूड करावी तसे मागचे मडगार्ड आखूड करायचे. अमेरिकेत १९३० च्या दशकात बाजारात मिळणाऱ्या साध्या मोटारसायकलींच्या शर्यती सुरू झाल्या, तेव्हा चालवणारे पुढचे मडगार्ड काढून टाकत आणि मागचे छाटत, आणि त्यांचे पाहून रस्त्यावरची मंडळीही तसेच करू लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर घरी परतलेल्या सैनिकांनी हार्ले आणि इंडियन या अमेरिकन कंपन्यांच्या जडशीळ गाड्यांवरचे नको ते सामान उतरवले, तेव्हा ही रीत पसरली. चेसी कापून, फोर्क लांब करून केलेला चॉपर हा पुढच्या पिढीचा प्रकार आहे, आणि आपल्याकडे लोक दोन्हींत गल्लत करतात. बॉबरमध्ये चेसीला हात लावायचा नसतो. आपल्याकडे मात्र उलट घडले. अमेरिकेत लोक सामान उतरवत होते, तेव्हा आपण बुलेटला लेगगार्ड, कॅरिअर, साडीगार्ड, भोंगा आणि दुधाचे हूक चढवत होतो.

बॉबर करायचे ठरवले तरी सगळे माझ्या मनासारखे झाले नाही. बऱ्याच ठिकाणी गाडीने मला नकार दिला. हेडलाइट छोटा, सुटा लावावा असे माझे चित्र होते. पण बुलेटच्या हेडलाइटभोवतीचे ते ॲल्युमिनियमचे ओतीव डोके हे नुसते झाकण नाही. फोर्कच्या दोन्ही नळ्या वरून त्यातच पकडलेल्या असतात. ते काढायचे तर फोर्कची वरची पकडच नव्याने बनवावी लागली असती. म्हणून ते राहिले, आणि त्यात बसवलेले, विजेचा प्रवाह दाखवणारे अँपिअर मीटरही राहिले, याचा आज मला आनंद आहे, कारण या गाडीची किक मारायची रीतच त्या मीटरच्या काट्यावर चालते. किक हळूहळू दाबत जायची, काटा डावीकडे झुकून मध्यावर परत आला की सिलिंडरमधला दाब सोडणारा डिकॉम्प्रेसर ओढून पिस्टन किंचित पुढे सरकवायचा, आणि मग एकच, पूर्ण किक. घाई करणाऱ्याच्या नडगीवर ती उलटून बसते.

मागे सोळा इंचांचे जाड चाक घालण्याचा बेतही मी सोडला, कारण गाडी तेवढी खाली आली असती तर आमच्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरवर तिचा स्टँडच अडकला असता; मूळ मापाचे एकोणीस इंचांचे रिमच नवे आरे घालून वापरले. शॉकअपच्या जागी लोखंडी दांड्या बसवण्याचा मोह मात्र मला आवरला नाही. मागून गाडी एका सरळ रेषेत दिसते म्हणून हौशी लोक तसे करतात. मी दांड्या बसवल्या आणि आमच्या शेतातल्या उसाच्या वाटेवरून दोन किलोमीटर गेलो. परत आलो तेव्हा हेडलाइटच्या बल्बची तार तुटलेली होती, नंबरप्लेटचा एक स्क्रू वाटेत पडला होता, आणि माझी कंबर पुढचे आठ दिवस सौभाग्यवतींच्या टोमण्यांचा विषय झाली होती. त्याहून वाईट म्हणजे, तो सगळा मार चेसीच्या ज्या दोन कानांवर शॉकअप वरून अडकतात, त्यांच्यावर पडत होता. दांड्या त्याच संध्याकाळी काढल्या.

इंजिनचे काम मी घरी उघडले आणि घरीच बंद केले, पण मधले यंत्रावरचे काम उद्यमनगरात झाले. तिथे एका गल्लीत फाउंड्री, पुढच्या गल्लीत लेथ आणि त्यापुढे क्रँक सरळ करणारा बसतो. आमच्या शहराची ही श्रीमंती बाहेरच्यांना फारशी ठाऊक नाही. सिलिंडर आधीच दोनदा बोअर झालेला, म्हणजे आतून कोरून रुंद केलेला होता आणि भिंतीवर खोल ओरखडा होता. लेथवर बसलेल्या काकांनी करंगळी आत फिरवली आणि मापाचे यंत्र हातात घेण्याआधीच सांगून टाकले, "आता बोअर नको, स्लीव्ह मारू आन् स्टँडर्डला आणू." त्यांनी नवी स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरच्या आतली नळी, दाबून बसवली आणि सत्तर मिलिमीटरचा मूळ बोअर परत आला.

टॅपेट लावायला, म्हणजे वॉल्व्हची ढील जुळवायला, मला त्यांनीच शिकवले, आणि या सगळ्या खटाटोपात माझ्या बोटांना आवडलेले काम हेच आहे. इंजिन थंड असले पाहिजे आणि पिस्टन अगदी माथ्यावर, दोन्ही वॉल्व्ह बंद. सिलिंडरच्या उजव्या अंगाचे लहान झाकण काढले की पुशरॉडची, म्हणजे वॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची, खालची टोके दिसतात. तीन बारीक पाने एकाच वेळी धरून नट ढिला करायचा, आणि पुशरॉड अंगठा व तर्जनीत धरून फिरवून पाहायचा. तो सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली केसभरही हलता कामा नये. नट कसला की माप बिघडते, पुन्हा सोडायचे, पुन्हा फिरवायचे. पहिल्या दिवशी मला यासाठी दीड तास लागला आणि काकांना, मी घड्याळ लावून पाहिले, चार मिनिटे.

टाकीच्या आतला गंज काढण्यासाठी आम्ही तिच्यात व्हिनेगर आणि मूठभर जुने नट टाकले, ती गोधडीत गुंडाळली आणि दोन दिवस घरातला जो मोकळा दिसेल त्याने ती हलवायची असा नियम केला. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन हेअर ड्रायरने वाळवली. टाकीला वेल्डिंगची गरज पडली नाही, आणि पडली असती तरी ते मी घरी केले नसते, कारण रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते. सीटचा स्प्रिंगचा सांगाडा जुन्या बाजारात मिळाला. त्या काळच्या बुलेटला चालवणाऱ्याची स्प्रिंगची सीट वेगळी आणि मागच्याची वेगळी असायचीच, त्यामुळे लोकांना जी सीट विलायती थाटाची वाटते ती खरे तर पोलिसांच्या बुलेटसारखी आहे. तिचे चामडे कोल्हापुरी चपला करणाऱ्या एका कारागिराने घातले. मशीनची शिलाई त्याला मान्य नव्हती. त्याने भोके पाडली आणि चामड्याच्या वादीने कडा विणून दिली. पावसाळ्यात मात्र तिला पिशवी घालावी लागते.

मागचे मडगार्ड चाकाच्या अगदी जवळ हवे असेल तर ते चेसीवर बसवून चालत नाही, कारण चाक खड्ड्यात वर उचलले की त्याला घासते. ते मागचे चाक धरणाऱ्या हलत्या स्विंग आर्मवर बसवून चाकाबरोबरच वर-खाली होऊ द्यावे लागते. मग सगळे हादरे त्याच्या पट्टीला सोसावे लागतात. माझी पहिली पट्टी महिन्याभरात वेल्डिंगपाशी तडकली, दुसरीही तडकली, आणि तिसरीला रबरी बुश घातल्यावर ती टिकली.

आता कायद्याचे, जे कुणीच विचारत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ स्पष्ट केला: उत्पादकाने नोंदवलेल्या तपशिलांपासून वेगळे होईल असा बदल वाहनात करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला मालकासाठी सहा महिन्यांपर्यंतचा कारावास किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. शिवाय २०२१ पासून पन्नास वर्षांपुढच्या वाहनांना व्हिंटेज म्हणून 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी मिळू शकते, पण त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. म्हणून मी सुरुवातीलाच एक नियम केला: जे चढवायचे आणि जे उतरवायचे ते फक्त बोल्टने. मागची सीट, दोन पूर्ण मडगार्ड आणि साडीगार्ड एका पत्र्याच्या ट्रंकेत आहेत, आणि सार्वजनिक रस्त्यावर नेण्याआधी मी ते सगळे बसवतो. त्याला दीड तास लागतो. बॉबरच्या वेषात ती शेताच्या वाटेवरच फिरते. हे ऐकून काही जण हसतात. पण २०२४ मध्ये रॉयल एनफिल्डने गोअन क्लासिक नावाची तयार बॉबर आणली, तिचीही मागची सीट काढता-घालता येणारीच आहे, एवढे मी त्यांना सांगतो. तयार मिळते तर घरी कशाला, याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. मला रविवारी करायला काही तरी लागते.

तेव्हा, कापली नाही, असे मी सगळ्यांना ठासून सांगत असे. मागच्या दिवाळीत मूळ मालकाचा नातू गाडी पाहायला आला. त्याने टाकी पाहिली नाही, सीट पाहिली नाही, इंजिनचा आवाजही ऐकायला मागितला नाही. तो सरळ मागे गेला, वाकला, चेसीच्या नळीवर हात फिरवत राहिला आणि म्हणाला, "आज्ज्याचं हूक कुठं हाईत?" या गाडीवर ग्राइंडर चालला तो तेवढ्यापुरताच. आजोबांनी त्या हुकांना कॅन अडकवून कित्येक वर्षे कागलच्या डेअरीला दूध घातले होते, हे मला त्या दिवशी कळले. बाजारातून काहीही आणता आले असते, ते हूक सोडून.

मी ट्रंक उघडली. हूक मी टाकलेले नव्हते, ते तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते. त्याने दोन्ही हातात घेऊन वजन पाहिले आणि एक नेला. दुसरा शेडमध्ये दाराशेजारी खिळ्याला आहे; त्याला सध्या माझे हेल्मेट अडकवलेले असते.