‘लगान’ला हरवणारा सिनेमा

रविवार, रात्री साडेअकरा

आज शेवटी ‘नो मॅन्स लँड’ पाहिला. इतकी वर्षं मुद्दाम टाळला होता.

२५ मार्च २००२, सोमवार. मी नववीत होते. सकाळी आमच्या गंगापूर रोडच्या घरात टीव्हीसमोर शेजारचेही येऊन बसले होते. आईनं देवापुढे साखर ठेवली होती. ‘मदर इंडिया’ आणि ‘सलाम बॉम्बे’नंतर परभाषी चित्रपटाच्या ऑस्करच्या शेवटच्या पाचांत पोचलेला ‘लगान’ हा आपला तिसराच सिनेमा, त्यात दिग्दर्शक आशुतोष गोवारीकर. घरातलंच कार्य वाटत होतं. आणि नाव पुकारलं बोस्नियाचं. ‘नो मॅन्स लँड’, डॅनिस तानोविच नावाच्या तरुणाचा पहिलाच चित्रपट. आईनं काही न बोलता टीव्ही बंद केला.

तेव्हापासून तो सिनेमा मी न बघताच वाईट ठरवला. कान चित्रपट महोत्सवात पटकथेचं पारितोषिक, गोल्डन ग्लोब, फ्रान्सचा पदार्पणासाठीचा सेझार पुरस्कार, हे वाचलं की राग आणखी वाढायचा. त्याच्याबद्दलच्या बहुतेक लिखाणात विनोदाचं कौतुक असायचं. माणसं मरताहेत आणि विनोद कसला, असं वाटायचं.

आज देवळालीहून धाकटे काका आले होते. तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. ते म्हणाले, “लाव गं, बघू तरी कशानं हरवलं आपल्याला.”

गोष्ट १९९३ची, बोस्नियातल्या युद्धाची. बोस्नियाक (म्हणजे बोस्नियातले मुसलमान) आणि सर्ब फळ्यांच्या मधल्या एका खंदकात दोन्हीकडचा एकेक सैनिक अडकतो, चिकी आणि निनो. तिसरा त्सेरा. तो मेला असं समजून सर्ब सैनिक त्याच्या अंगाखाली भूसुरुंग ठेवतात, आणि मग तो शुद्धीवर येतो. त्यानं अंग हलवलं की सुरुंग उसळून फुटणार.

युद्ध कुणी सुरू केलं यावरून चिकी आणि निनो भांडतात. ज्याच्या हातात बंदूक, त्याचं म्हणणं दुसऱ्यानं कबूल करायचं. बंदूक हात बदलते, तसं उत्तरही बदलतं. काका मोठ्यानं हसले. मग दोघांच्या लक्षात येतं की बान्या लुका शहरातली एकच मुलगी दोघांच्या ओळखीची आहे. दोघं खुलून बोलायला लागतात, आणि आपल्याला हसता येत नाही. दुसरीकडे एक सैनिक पेपर वाचता वाचता रवांडात काय गोंधळ चाललाय म्हणून हळहळतो. स्वतः खंदकात उभा राहून!

या सिनेमाला असंगत (ॲब्सर्ड) नाटकांच्या, म्हणजे जगण्यातली अर्थशून्यता दाखवणाऱ्या नाटकांच्या ओळीत बसवतात. मला आता ते पटत नाही. तानोविच बोस्नियाची राजधानी साराएव्होच्या वेढ्यात बोस्नियाच्या सैन्यासाठी कॅमेरा घेऊन फिरलेला माणूस. त्यानं अर्थशून्यता दाखवायची म्हणून हा प्रसंग रचलाय असं वाटतच नाही. लांबून बघणाऱ्याला जे विचित्र वाटतं, तो त्यांचा रोजचा दिवस होता. रणरणतं ऊन, एक सिगारेट, आणि पाठीखाली सुरुंग असलेल्या माणसाला हलू नकोस म्हणून परत परत सांगणं.

सगळंच आवडलं असं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा कर्नल फार ढोबळ रंगवलाय, टीव्हीवाल्यांची धावपळ पण तशीच. उत्तरार्धात दिग्दर्शक आपलं म्हणणं ओरडून सांगतोय असं वाटलं. त्याच शांतिसेनेतला फ्रेंच सार्जंट मात्र खरा. त्याला मदत करायची असते आणि हुकूम नसतो.

मध्येच काका म्हणाले, “त्या सकाळी मी राजस्थानात होतो.” मला हे कधी सुचलंच नव्हतं. डिसेंबर २००१मध्ये संसदेवर हल्ला झाला, मग ‘ऑपरेशन पराक्रम’, सगळं सैन्य सीमेवर. शेतांमध्येसुद्धा सुरुंग पेरले होते. “तार लावलेल्या वाटेनंच चालायचं. पेरलं ते पटकन, काढायला कितीतरी जास्त वेळ लागला.” आम्ही इथे ऑस्करची वाट बघत होतो तेव्हा ते तिथे तारेच्या कडेकडेनं चालत होते, आणि ‘लगान’ हरल्याचं त्यांना आठ-दहा दिवसांनी फोनवर कळलं.

शेवटी चिकी आणि निनो दोघंही मरतात. त्सेराला वाचवलं असं पत्रकारांना खोटंच सांगून सगळे निघून जातात. तो तसाच सुरुंगावर. कॅमेरा वर वर जातो.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “बाकीच्या सिनेमांत शेवटच्या सेकंदाला तार कापतात. कापता येत नाही असा सुरुंग पहिल्यांदा बघितला.” चहा नको म्हणाले. चपला घालताना पुन्हा विचारलं, “किती वेळ पडून राहिला असेल गं तो?”

उद्या आईकडे जाईन. ‘लगान’ माझा आवडता आहे आणि राहील, पण हा तिलाही दाखवायचाय.