लेयरचा तक्ता: डिपेंडन्सी मागे ढकलते, पुढे ओढत नाही

मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळातला, मागच्या नोंदीत अडून बसलेला कमांडरचा (अनेक खेळाडूंच्या प्रकाराचा) बोर्ड सुटला. अर्बोर्ग, ड्रायॅड, मॅगस ऑफ द मून आणि ह्युमिलिटी अशी चारही पानं एकाच टेबलावर होती आणि प्रश्न एवढाच होता, की ब्रीडिंग पूल या लॅण्डमधून (माना, म्हणजे पानं खेळायची ऊर्जा, देणाऱ्या पानातून) हिरवा माना निघतो की नाही. लेयर म्हणजे पानांचे इफेक्ट ज्या सात टप्प्यांत लावले जातात ते; त्यांच्या तक्त्यावर इफेक्टच्या चिठ्ठ्या एका पद्धतीने सरकवल्या की "हो" येत होतं, दुसऱ्या पद्धतीने "नाही". खरं उत्तर "नाही" आहे, आणि ते नियमपुस्तकातल्या ६१३.८ब मधल्या एकाच वाक्यावर टिकून आहे.

बोर्ड पुन्हा मांडतो. पहिल्या खेळाडूकडे अर्बोर्ग, टूम ऑफ यॉगमॉथ, एक ब्रीडिंग पूल, दोन साधी फॉरेस्ट आणि ड्रायॅड ऑफ द इलिसियन ग्रोव्ह. दुसऱ्याकडे मॅगस ऑफ द मून आणि तीन साधे माउंटन. तिसऱ्याने सगळ्यांत शेवटी ह्युमिलिटी टाकली. टाइमस्टॅम्प, म्हणजे टेबलावर येण्याचा क्रम, असे: अर्बोर्ग १, ड्रायॅड २, मॅगस ३, ह्युमिलिटी ४.

लॅण्डचे टाइप बदलणारं सगळं लेयर ४ मध्ये येतं, म्हणजे तिथे तीन चिठ्ठ्या पडतात. अर्बोर्ग म्हणतं, प्रत्येक लॅण्ड इतर टाइपांबरोबर स्वॅम्पही आहे. ड्रायॅड म्हणते, माझ्या मालकाची लॅण्ड पाचही बेसिक टाइपची आहेत, इतर टाइप राखून. मॅगस म्हणतो, नॉनबेसिक लॅण्ड माउंटन आहेत. "इतर टाइपांबरोबर" हे शब्द मॅगसच्या मजकुरात नाहीत. त्यामुळे ३०५.७ लागू होतो: जुने लॅण्ड टाइप जातात, पानावर छापलेल्या अबिलिटीही (मजकुरातून मिळणारे गुण) जातात, आणि हे लेयर ६ ची वाट न पाहता लेयर ४ मध्येच घडतं.

आता डिपेंडन्सीसाठी, म्हणजे एक इफेक्ट दुसऱ्यावर अवलंबून आहे का यासाठी, जोड्या तपासायच्या. प्रत्येक जोडीला विचारायचे प्रश्न तेच: दुसरा इफेक्ट आधी लावला तर पहिल्याचा मजकूर किंवा अस्तित्वच बदलतं का? तो कोणाला लागू होतो ते बदलतं का? ज्यांना लागू होतो त्यांचं तो जे करतो ते बदलतं का? अर्बोर्ग आणि मॅगस: मॅगस आधी लागला तर अर्बोर्ग स्वतःच माउंटन होतं, अबिलिटी जाते, इफेक्ट उरतच नाही. म्हणजे अर्बोर्ग मॅगसवर अवलंबून. ड्रायॅड आणि मॅगस: इथे बरेच जण घसरतात. ड्रायॅडमुळे ब्रीडिंग पूल फॉरेस्ट, आयलंड, माउंटन सगळं होतो, पण बेसिक होत नाही. बेसिक हा सुपरटाइप आहे आणि ड्रायॅड फक्त सबटाइप देते. त्यामुळे मॅगस कोणाला लागू होतो त्यात काडीचाही फरक पडत नाही. उलट्या बाजूनेही नाही, कारण माउंटन झालेली लॅण्ड अजून "माझी लॅण्ड"च आहेत. दोघं एकमेकांपासून मोकळे, म्हणून त्यांच्यात टाइमस्टॅम्प. अर्बोर्ग आणि ड्रायॅड यांच्यातही काही नातं नाही.

इथवर सगळ्यांचं एकमत असतं. गाडी अडते ती पुढे. अर्बोर्गचा क्रमांक १ आणि ते मॅगसवर अवलंबून, मग मॅगसची चिठ्ठी उचलून अर्बोर्गच्या आधी ठेवायची का? तसं केलं तर क्रम होतो मॅगस, मग अर्बोर्ग, जे एव्हाना उरलेलं नाही, मग ड्रायॅड. ड्रायॅड शेवटी आल्यामुळे ब्रीडिंग पूल पाचही टाइपचा आणि हिरवा माना मिळतो. हे चूक आहे. नियम सांगतो की अवलंबून असलेला इफेक्ट ज्याच्यावर अवलंबून आहे तो लागेपर्यंत थांबतो आणि त्याच्या लगेच नंतर लागतो. थांबणारा मागे जातो. ज्याच्यासाठी तो थांबला आहे, त्याला रांगेत पुढे घुसायची मुभा नाही. म्हणून अर्बोर्गची चिठ्ठी मॅगसच्या पलीकडे सरकवायची आणि बाकीच्या दोन जागच्या जागी ठेवायच्या. क्रम ड्रायॅड, मॅगस, मग अर्बोर्ग. प्रत्येक चिठ्ठी लागल्यावर उरलेल्यांकडे पुन्हा बघायचं, हे ६१३.८क मध्ये आहे. तसं बघितलं की मॅगसनंतर अर्बोर्गची चिठ्ठी बाद होते.

निकाल: ब्रीडिंग पूल फक्त माउंटन, अर्बोर्गही फक्त माउंटन, दोन्ही लाल माना देतात. दोन्ही साधी फॉरेस्ट मात्र पाचही टाइपची, कारण मॅगस त्यांना हात लावत नाही. दुसऱ्या खेळाडूचे माउंटन नुसते माउंटन, स्वॅम्प नाहीत. अर्बोर्ग आणि मॅगस दोघंच असते तर चिठ्ठी पुढे ओढली काय नि मागे ढकलली काय, उत्तर तेच आलं असतं. ही गफलत इतकी दिवस लपून राहते ती म्हणूनच. मध्ये तिसरा मोकळा इफेक्ट आला की ती उघडी पडते. नवख्यांना डिपेंडन्सी शिकवायला ब्लड मून (मॅगससारखाच इफेक्ट असलेलं पान) आणि अर्बोर्गची जोडी घेण्यापेक्षा ही त्रयी घ्यावी, असं माझं ठाम मत झालंय.

यातून खेळायला उपयोगी असं एक हत्यार मिळतं. ड्रायॅडला बाहेर काढून परत आणलं की तिला नवा टाइमस्टॅम्प मिळतो. हे करणाऱ्या एफेमरेट या पानाला एक पांढरा माना लागतो आणि तो साध्या फॉरेस्टमधून निघतो, कारण ती पाचही टाइपची आहेत. ड्रायॅड परतली की ती मॅगसच्या नंतरची ठरते, आणि अर्बोर्ग, ब्रीडिंग पूल दोन्ही पाचही रंग द्यायला लागतात. छापलेल्या अबिलिटी मात्र परत येत नाहीत. मॅगसवाल्याला हेच उलट करता येतं, तेव्हा आधी त्याच्या हातात काय असू शकतं याचा अंदाज घ्या.

राहिली ह्युमिलिटी. "सगळ्या क्रीचरच्या अबिलिटी गेल्या, मग मॅगसही संपला" हा युक्तिवाद टेबलावर दर वेळी होतो. ह्युमिलिटी अबिलिटी काढते लेयर ६ मध्ये. तोवर मॅगस आणि ड्रायॅड लेयर ४ मधलं काम उरकून बसलेले असतात. दोघंही अबिलिटी नसलेले १/१ (ताकद एक, टिकाव एक) होतात, लॅण्ड जशीच्या तशी राहतात. ड्रायॅडमुळे मिळणारं जादा लॅण्ड खेळणं मात्र बंद होतं, कारण ते खेळाच्या नियमांवर चालतं आणि सगळे लेयर संपल्यावर बघितलं जातं. एकाच पानाची अर्धी अबिलिटी चालू आणि अर्धी बंद, हे तक्त्यावर डोळ्यांसमोर दिसतं तेव्हा फार समाधान वाटतं. नवं ब्रीडिंग पूल या बोर्डवर टाकलं तर अनटॅप्ड (लगेच वापरता येईल असं) येण्यासाठी एरवी लागणारे दोन लाइफ द्यायचा प्रश्नच येत नाही. ते माउंटन म्हणूनच येतं आणि अनटॅप्ड येतं.

ह्युमिलिटी आणि ओपलेसन्सची जुनी जोडी आता एका ओळीत बसते. ओपलेसन्स इतर एन्चांटमेंटना त्यांच्या माना-किमतीइतक्या ताकदीचे क्रीचर करतो, म्हणून लेयर ४ मध्ये तो ह्युमिलिटीला क्रीचर करतो. लेयर ६ मध्ये ह्युमिलिटी स्वतःचीही अबिलिटी काढते, तरी तिचा इफेक्ट चालू राहतो, कारण एकदा लागायला सुरुवात झालेला इफेक्ट पुढच्या लेयरमध्येही लागतोच (६१३.६). ७ब मध्ये (ताकद-टिकाव ठरवणारा भाग) टाइमस्टॅम्प: ओपलेसन्स नंतर आला असेल तर ह्युमिलिटी ४/४, ह्युमिलिटी नंतर आली असेल तर १/१.

सामानाबद्दल. लॅमिनेट केलेला तक्ता आणि मार्कर हा प्रकार सोडून दिला. हात लागून शाई पुसते, आणि मुळात इथे सगळं काम सरकवण्याचं आहे, त्याला चिठ्ठ्याच हव्यात. आडवा ए४ कागद, त्यावर लेयरचे सात उभे रकाने, सातव्याचे चार भाग. चिठ्ठी ६३ बाय २२ मिलिमीटर, म्हणजे पानाच्या रुंदीइतकी आणि उंचीच्या पाव भाग. एका कोपऱ्यात टाइमस्टॅम्पचा आकडा पेन्सिलीने लिहायचा, कारण फ्लिकर झाला (पान बाहेर जाऊन परत आलं) की तो बदलतो. पानावर वीस बाजूंचा फासा ठेवून टाइमस्टॅम्प दाखवू नका, समोरच्याला तो काउंटर वाटतो. मॅट स्लीव्हवर स्टिकी नोट धरत नाही. नियमांची अधिकृत फाइल खेळ काढणाऱ्या विझर्ड्सच्या साइटवरून साध्या टेक्स्टमध्ये उतरवून घ्या, पीडीएफपेक्षा शोधायला कितीतरी सोपी. क्रमांक जुन्या टिपणांतून उचलू नका. डिपेंडन्सी पूर्वी ६१३.७ ला होती, आज ६१३.८ ला आहे. स्क्रायफॉल या पानांच्या साइटवर पानाखाली दिसणारी रूलिंग (नियमांचे खुलासे) चांगली असतात, पण त्यांची तारीख बघायची सवय लावा.

तारखेवरून अर्झाज सागा (अध्यायांत उलगडणारं लॅण्ड) आठवला, आणि हे लिहिता लिहिताच पुढचा बेत बदलतोय. ब्लड मूनखाली हा सागा मरतो, हे उत्तर अजूनही सर्रास दिलं जातं. २०२५ च्या जूनपर्यंत ते बरोबर होतं: लॅण्ड टाइप बदलला तरी सागा हा एन्चांटमेंटचा टाइप राहतो, अध्याय मात्र जातात, शेवटच्या अध्यायाचा आकडा शून्य धरला जातो आणि सागा सॅक्रिफाइस होतो. फायनल फँटसी सेटबरोबर नियम बदलला. एकही अध्याय नसलेला सागा आता सॅक्रिफाइस होत नाही. मग दुसरा अध्याय रिझॉल्व्ह झाल्यावर (त्याचा परिणाम लागू झाल्यावर) ब्लड मून आला तर? मून छापलेल्या अबिलिटी काढतो. पहिल्या दोन अध्यायांनी दिलेल्या अबिलिटी छापलेल्या नाहीत, त्या रिझॉल्व्ह झालेल्या इफेक्टमधून आल्या आहेत आणि लेयर ६ मध्ये लागतात. म्हणजे सागा माउंटन होऊन लाल माना देतो, रंगहीन मानाही देतो आणि दोन माना भरून कन्स्ट्रक्ट नावाचे क्रीचरही काढत राहतो, मून असेपर्यंत. समोरच्याचा सागा दुसऱ्या अध्यायावर असताना मून टाकणं म्हणजे त्याला कारखाना बांधून देणं.

सध्याच्या तक्त्यात हे नीट दिसत नाही, कारण सगळ्या चिठ्ठ्या कुठल्या ना कुठल्या पानाला बांधलेल्या आहेत. पुढचं काम ड्रेस डाऊन (क्रीचरच्या अबिलिटी काढणारं पान) असणार होतं, ते मागे ठेवतो. आधी दोन रंगांच्या चिठ्ठ्या करायच्या: स्टॅटिक (सतत चालू असलेल्या) अबिलिटीसाठी पांढऱ्या, त्यांचं पान किंवा अबिलिटी गेली तर त्या बाद होऊ शकतात. रिझॉल्व्ह झालेल्या स्पेल-अबिलिटीच्या इफेक्टसाठी पिवळ्या, त्या मूळ पानाशी बांधलेल्या नाहीत, आणि डिपेंडन्सी तपासताना "अस्तित्व" हा प्रश्न त्यांना विचारायचाच नाही. ड्रेस डाऊनची उदाहरणं मग दोन रंगांत आपोआप सुटी होतील: कन्स्ट्रक्टची वाढ त्याच्या स्वतःच्या स्टॅटिक अबिलिटीतून येते, लेयर ६ मध्ये ती पांढरी चिठ्ठी गेली की तो ०/० होऊन मरतो. त्याच कन्स्ट्रक्टवर जायंट ग्रोथ रिझॉल्व्ह झालेला असेल तर ती चिठ्ठी पिवळी, ७क मध्ये +३/+३ लागतं आणि तो ३/३ म्हणून तगतो.