चौदा सेकंदांचा पहारा

पाणबुडीच्या संगणकावरच्या खेळात बहुतेक वेळ काहीच घडत नाही, आणि ज्यांना तो आवडतो त्यांना नेमके तेच आवडते, हे न खेळणाऱ्याला पटवून देणे अवघड आहे. मी खेळतो तो ‘सायलेंट हंटर 3’ 2005 साली बाजारात आला, म्हणजे संगणकाच्या हिशेबाने तो म्हाताराच म्हटला पाहिजे. त्यात दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीचे कप्तानपद आणि चौदा टॉर्पेडो मिळतात, आणि फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या एखाद्या तळावरून निघून अटलांटिकमधल्या नेमून दिलेल्या चौकोनात गस्त घालण्याचा हुकूम मिळतो. तिथे पोहोचायलाच कित्येक दिवस लागतात. वाटेत पाणी, ढग आणि क्वचित एखादे विमान, याखेरीज काही भेटत नाही, म्हणून खेळ रचणाऱ्यांनी काळ पळवण्याची सोय करून ठेवली आहे. ती शेवटपर्यंत वापरली की घड्याळ 1024 पट वेगाने धावते. अख्खा दिवस दीड मिनिटाच्या आत उरकतो आणि चार तासांचा पहारा चौदा सेकंदांत संपतो.

कप्तानाची दैनंदिनी हाताने लिहू लागल्यापासून या सोयीचा माझा उपयोग जवळजवळ संपला. चौदा सेकंदांत एक ओळसुद्धा लिहून होत नाही. वाऱ्याची दिशा पाहायची, लाटांचा अंदाज घ्यायचा, इंधन किती उरले ते विचारायचे आणि मग लिहायचे, तर खेळ थांबवावाच लागतो. आणि एकदा थांबवला की तो लगेच पळवावासा वाटत नाही. ज्या पहाऱ्यात काहीच झाले नाही त्याच्यासमोर ‘विशेष काही नाही’ असे लिहायलाही तो पहारा आधी पाहावा लागतो.

खऱ्या जर्मन कप्तानांना अशी युद्धदैनंदिनी ठेवणे बंधनकारक होते. एका रकान्यात तारीख आणि वेळ, दुसऱ्यात ठिकाण, वारा, समुद्र आणि दृश्यमानता, तिसऱ्यात घडलेल्या गोष्टी, असा तिचा साधा नमुना होता. ठिकाण अक्षांश-रेखांशात न लिहिता आरमाराच्या गुप्त नकाशातल्या चौकोनाच्या खुणेने लिहीत. दोन अक्षरे आणि चार आकडे, आणि सर्वांत लहान चौकोनाची बाजू सहा सागरी मैलांची. बोट कॅरिबियन समुद्रात असली तरी वेळ जर्मनीचीच लिहायची, त्यामुळे काही नोंदींत सूर्य भलत्याच वेळी उगवलेला दिसतो. मोहीम संपली की ही वही मुख्यालयात जाई आणि पाणबुडी दलाचा प्रमुख कार्ल डोनित्झ याचा शेरा तिला जोडला जाई.

माझी वही म्हणजे अब्दुल रहमान स्ट्रीटवरून आणलेले पुठ्ठ्याच्या बांधणीचे लांबट रजिस्टर आहे. डाव्या पानावर नोंदी आणि उजव्या पानावर पेन्सिलीने हिशेब, अशी मी वाटणी केली आहे. हिशेबाचे हे पान मला जास्त प्रिय आहे, हे कबूल केले पाहिजे. समोरच्या जहाजाचा वेग काढायची जुनी युक्ती अशी की, तीन मिनिटे पंधरा सेकंदांत ते जितके शेकडा मीटर सरकले तितके नॉट, म्हणजे ताशी सागरी मैल, त्याचा वेग. सातशे मीटर सरकले तर सात नॉट. एक नॉट वेगाने तेवढ्या वेळात जवळजवळ बरोबर शंभर मीटर कापले जातात, एवढेच त्यामागचे गणित. मग अंतर, मग जहाजाचा आपल्याशी होणारा कोन, आणि शेवटी टॉर्पेडोचा प्रवास: तीस नॉट वेगाचा विजेवर चालणारा टॉर्पेडो नऊशे मीटर जायला अठ्ठावन्न सेकंद घेतो. हे सगळे संगणक आपण होऊन करून देतो. ती मदत बंद करून ठेवण्याची मुभा मात्र आहे, आणि माझ्या मते ती बंद ठेवल्याशिवाय या खेळाला अर्थ नाही. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेने पाने मऊ पडतात आणि शाई फुटते, म्हणून जून ते सप्टेंबर डाव्या पानावर बॉलपेन चालवून घेतो.

शाईचा आणखी एक परिणाम आहे. खेळ हवा तिथे जतन करता येतो, आणि नेम चुकला तर मागे जाऊन पुन्हा डागता येतो. वही असली की ते जमत नाही. 03.40 वाजता टॉर्पेडो जहाजाच्या नाळेपुढून, म्हणजे पुढच्या टोकासमोरून, निघून गेला, असे एकदा लिहिले की तो गेलाच. मागे जाऊन तो जहाजाला लावला तर आधीचे पान खोटे ठरते आणि खाडाखोड करून खरे करता येत नाही. बोट बुडाली तर वही तिथेच संपवायची, हा नियम मला वेगळा करावा लागला नाही.

डोनित्झचे काम आमच्या घरी बाबा करतात. ते गोदीत टॅली क्लार्क होते; जहाजातून उतरणाऱ्या गोणी आणि पेट्या मोजून लिहिण्यात त्यांची उमर गेली. मी कामावर गेलो की ते वही चाळतात आणि पेन्सिलीने शेरे मारतात. पहिला शेरा होता: ‘माणसे जेवली केव्हा?’ खेळात स्वयंपाक नाही, हे मी त्यांना सांगितले. खऱ्या बोटीवर निघताना इतके सामान भरत की दोनपैकी एका शौचकूपातही खाण्याचे जिन्नस ठेवत, हेही सांगितले. त्यावर ‘मग ते लिही’ असा हुकूम झाला. मी तो मानला नाही. पडद्यावर जे दिसले नाही ते वहीत येणार नाही, नाहीतर दैनंदिनीची कादंबरी होईल, असे माझे म्हणणे. न दिसलेले पण असणारच असे लिहिले नाही तर नोंद अपुरी राहते, असे त्यांचे.

दुसरा शेरा जास्त अवघड निघाला. खेळ बुडालेल्या जहाजाची जात आणि टनभार सांगतो, आणि तेवढेच मी लिहीत होतो. ‘सहा हजार टनांवरचे मालवाहू, 21.15 वाजता बुडाले’ या ओळीपुढे बाबांनी लिहिले होते: ‘माल कोणता? खलाशी कुठले?’ हा प्रश्न त्यांनी विचारणे स्वाभाविक होते. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हजारो हिंदी खलाशी होते आणि मुंबईत भरती झालेल्यांत रत्नागिरीकडचे, गोव्याचे पुष्कळ. सप्टेंबर 1940 मध्ये यू-48 या जर्मन पाणबुडीने ‘सिटी ऑफ बेनारेस’ हे ब्रिटिश जहाज बुडवले ते त्यावरच्या इंग्लंडमधून कॅनडाला निघालेल्या मुलांमुळे लक्षात राहिले आहे. त्याच रात्री त्यावरचे शंभराच्या आसपास हिंदी खलाशीही गेले. मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये त्या युद्धात समुद्रात गेलेल्या सहा हजारांवर भारतीय खलाशांचे स्मारक आहे. नोकरीच्या काळात त्या इमारतीवरून आपण रोज जात होतो, असे बाबा म्हणाले. मीही त्या भागातून अनेकदा गेलो आहे, पण टनभार लिहिताना त्या स्मारकाचा विचार कधी मनात आला नव्हता.

त्यानंतर बाबांनी पट्टी घेऊन माझ्या डाव्या पानावर चौथा रकाना आखला आणि वर ‘माल व माणसे’ असे मथळ्यात लिहिले. पडद्यावर यातले काही दिसत नाही, हा माझा नियम मी पुन्हा पुढे केला. ‘मग त्यात माहीत नाही असे लिही,’ ते म्हणाले, ‘रकाना रिकामा सोडायचा नसतो.’ गोदीतला त्यांचा नियम तसाच होता म्हणे. या नियमाने माझा नियम मोडत नसल्यामुळे मला हरकत घेता आली नाही. आता प्रत्येक जहाजासमोर टनभाराच्या पुढे मी ‘माहीत नाही’ लिहितो, आणि ते कोरडेपणाने एकाच ठशात लिहिलेले दिसले की बाबा पुढच्या पानावर शेरा मारतात: ‘निदान तेलाचे होते की धान्याचे, ते तरी ओळख.’ तेलाचे असेल तर ते जळताना दिसते. धान्याचे कसे ओळखावे, यावर आमचा वाद अजून चालू आहे.