कार्बन फ्रेम घेताना आधी बॉटम ब्रॅकेट पाहा

माउंटन बाइकची फुल सस्पेन्शन (दोन्ही चाकांना सस्पेन्शन असलेली) कार्बन फ्रेम निवडताना वजनाआधी बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा दांडा ज्यात फिरतो ते बेअरिंग, बघा. आपल्याकडे आटे असलेला ७३ मिमी रुंदीचाच बरा. प्रेसफिटमध्ये, म्हणजे आट्यांशिवाय नुसत्या दाबून बसवलेल्यात, पावसाळ्यात नाशिकजवळच्या अंजनेरीकडचा चिखल शिरला की करकर सुरू होते.

मागच्या शॉकचं माप (लांबी × स्ट्रोक, म्हणजे तो दबतो ते अंतर, मिमीत) फ्रेमचंच हवं. २१०×५५ च्या जागी जास्त स्ट्रोकचा बसवला, तर मागचं चाक सीट ट्यूबला घासू शकतं. सॅग, म्हणजे नुसतं बसल्यावर शॉक दबतो तेवढं अंतर, स्ट्रोकच्या ३० टक्के ठेवा; ५५ मध्ये साधारण १६.५ मिमी. ते हेल्मेट, पाण्याची पिशवी घेऊन, बसूनच मोजा.

सीटपोस्टला ग्रीस नको, कार्बन पेस्ट (पकड वाढवणारी खरखरीत पेस्ट) लावा. त्याचा क्लॅम्प टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) आवळा, फ्रेमवर लिहिलंय तेवढाच, बहुधा ५ न्यूटन-मीटर. अंदाजाने आवळलं की कार्बन चिरतो. आणि डाउनट्यूबखाली (फ्रेमची खालची तिरपी नळी) जाड रबरी गार्ड हवाच, इथला काळा दगड उडून तिथेच आपटतो.