खुलताबादजवळ तंबूत मुक्काम : फाटकावर ‘पूर्ण आधार’ मागितला तेव्हा

मुक्काम चांगला झाला, जेवण चांगलं होतं, थंडीही मनासारखी मिळाली. तरी कुणी ‘कशी झाली ट्रिप?’ असं विचारलं की माझ्या तोंडून आधी फाटकावरचीच हकिकत निघते. राग अजून गेलेला नाही. म्हणून सगळं लिहून काढते. लेकरं आणि म्हातारी माणसं सोबत घेऊन जाणाऱ्यांना तरी उपयोग होईल.

आम्ही जालन्याचे. वेरूळला आजवर सकाळी निघायचं, रात्री परत, असंच जात आलोय. या वेळी सासूबाईंना भद्रा मारुतीचं दर्शन निवांत घ्यायचं होतं आणि मुलांना तंबूत झोपायचं होतं. खुलताबादहून म्हैसमाळकडे चढताना एका शेतात सात-आठ तंबू टाकलेली जागा मिळाली. बुकिंग फोनवर झालं, आगाऊ रक्कम यूपीआयनं गेली, ‘येताना आयडी आणा’ असा मेसेज आला. तिथवर सगळं सुरळीत होतं.

पोहोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. फाटकापाशी प्लास्टिकच्या टेबलावर रजिस्टर ठेवलेलं आणि पलीकडे विशी-बाविशीचा मॅनेजर. आम्हा तिघा मोठ्यांच्या मास्क्ड आधारच्या प्रिंट मी पुढे केल्या. मास्क्ड म्हणजे पहिले आठ आकडे झाकलेले आणि शेवटचे चार दिसणारे. आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, म्हणजे यूआयडीएआयच्या वेबसाइटवरूनच ते डाउनलोड होतं, माझ्या घरातलं काही नाही. त्यानं कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, “ताई, हे चालत नाही. पूर्ण नंबर दिसायला पायजे. ओरिजिनल द्या, मी फोटो काढून मालकाला टाकतो.”

फोटो कशावर, तर त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर. आणि रजिस्टर उघडंच होतं. आधीच्या पाहुण्यांच्या आधारच्या झेरॉक्स पानांना टाचलेल्या. समोर उभ्या असलेल्या कुणालाही नाव, पत्ता, जन्मतारीख आणि बाराच्या बारा आकडे वाचता येत होते. एका पानावर तर अख्ख्या कुटुंबाच्या झेरॉक्स होत्या, लहान मुलीच्या फोटोसकट. ते पाहिल्यावर माझा निर्णय पक्का झाला. पूर्ण नंबर द्यायचा नाही.

मी म्हटलं, मुक्कामाची नोंद ठेवायला माझी ना नाही, ती ठेवायलाच पाहिजे. नाव, पत्ता, फोन, गाडीचा नंबर, कुठून आलो, कुठे जाणार, सगळं माझ्या हातानं लिहून देते. ओळख पटवायला ह्यांचं आणि माझं लायसन्स आहे, सासूबाईंचं मतदान कार्ड आहे. तिन्ही सरकारीच. तो एकच धरून बसला, “मालकानं आधारच सांगितलंय.” मालकाला फोन लावा म्हटलं, तर रेंज नाही. तो मुरमाच्या ढिगावर चढायचा, फोन लावायचा, खाली यायचा. अंधार पडला. सासूबाई गाडीतच बसून, गुडघ्यावर शाल घेऊन. धाकट्याला भूक लागलेली. शेजारच्या तंबूंत लोक चहा पीत होते आणि आम्ही पैसे भरून फाटकाबाहेर.

ह्यांनी हळूच सांगितलं, “दे ना, एका नंबरानं काय होतंय?” मला तेच बोचलं. आपण दमलेलो असतो, म्हातारं माणूस सोबत असतं, म्हणून देऊन मोकळे होतो. त्याच जोरावर ही पद्धत चालते.

स्वयंपाकघरातून एक काका बाहेर आले. हात पिठाचे. मतदान कार्ड दिव्यापाशी धरून पाहिलं आणि पोराला म्हणाले, “आरं, फोटू बी हाय, गाव बी हाय. आन काय पायजे? मावशीला आत तर बसू दे.” सासूबाईंना खुर्ची मिळाली ती त्या काकांमुळं. थोड्या वेळानं मालकाचा फोन लागला. मीच बोलले. रजिस्टरच्या झेरॉक्सांबद्दलही बोलले. तिकडून उत्तर आलं, “बरं, लायसन्सवर घ्या.” पुढची नोंद दोन मिनिटांत झाली. नमले नाही याचा मला अभिमान आहे, आणि ती दोन मिनिटं आधीच का मिळाली नाहीत याचा संतापही.

त्यामुळं पैसे भरण्याआधीच मेसेजवर विचारून घ्या, ‘लायसन्स किंवा मतदान कार्ड चालेल का?’ आणि उत्तर लेखी घ्या. फोनवरचं ‘चालेल की’ फाटकावर कामाला येत नाही. मास्क्ड आधार घरूनच काढून प्रिंट घ्या, कारण डाउनलोड करताना ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो आणि तिथं रेंजचा भरवसा नाही. फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल. आणि उजेडात पोहोचा. अंधार पडला की वाद घालायची ताकद अर्धी होते.

जेवणात पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा. काकांच्या हातचं. म्हैसमाळ हजार मीटरच्या वर आहे, हिवाळ्यात पहाटे तंबूच्या आतून दव गळतं. म्हाताऱ्यांसाठी घरची एक जाड गोधडी न्याच. तिथली ब्लँकेटं पुरत नाहीत.

भद्रा मारुतीला सकाळी लवकर गेलो. झोपलेल्या मुद्रेतली मूर्ती सासूबाईंना हात जोडून शांतपणे बघता आली. शनिवारी मात्र तिथं पाय ठेवायला जागा नसते. खुलताबादेतच मलिक अंबरची कबर आहे. 1610 मध्ये त्यानं खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. 1626 मध्ये तो वारला. मोठ्या मुलाला शाळेत त्याचं नाव नुसतं पाठ होतं. तिथं उभं राहून त्यानं बरेच प्रश्न विचारले.

वेरूळ आम्ही दुपारनंतर ठेवलं आणि ते योग्य झालं. लेण्यांची तोंडं पश्चिमेला, त्यामुळं ऊन उतरताना आतपर्यंत पोहोचतं. कैलास म्हणजे 16 नंबरचं लेणं. वरून खाली कोरत आणलेलं आहे हे मुलांना समजवायचं तर बाजूच्या टेकडीवरून एकदा बघायला लावा. जैन लेणी, 30 ते 34, बरीच लांब आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी तिथवर पायी जायचा हट्ट धरू नये.

परतताना दौलताबादच्या दरवाजातून गाड्या एकेक निघतात. रविवारी संध्याकाळी तिथं हमखास कोंडी होते, तेव्हा जेवण आधीच उरका. सीताफळाचा हंगाम असेल तर रस्त्याकडेच्या टोपल्यांतून घ्या. आणि हे आधीच सांगायला हवं होतं : वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी. तंबू बुक करण्याआधी वार बघा.